चकतीपलीकडची ज्योत

१

चोरी झाली होती, आणि चोरीला गेलेली वस्तू आमच्यासमोर टेबलावर पडली होती.

"ही ती नाही," देवव्रत म्हणाला. "दिसायला अगदी तीच. पण ही ती नाही."

चकती बशीएवढी होती, चांगली बोटभर जाड, राखाडी आणि चकचकीत. मी तिच्यात बघून माझी टिकली सरळ केली. उत्तराआत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने हात मांडीवर घेतले.

उत्तराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात तिने आयुष्यभर शुद्ध स्फटिक वाढवले. आता ती मुलुंडला आमच्या शेजारच्या इमारतीत राहते आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही संशय घेते. मी गंधाली, बँकेत नोकरीला. दसऱ्याला जोडून रजा काढली होती, म्हणून तिला गाडीतून अंधेरीच्या एमआयडीसीत आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

देवव्रत तिच्या जुन्या मैत्रिणीचा मुलगा. त्याचा कारखाना छोटा, पण काम मोठं. उष्णता बघणारे कॅमेरे तो बनवतो. अंधारात माणूस, जनावर, तापलेली वायर, काहीही त्याच्या पडद्यावर उजळून दिसतं. बोरिवलीच्या जंगलाला लागून असलेल्या वस्तीसाठी तो बिबट्यावर नजर ठेवणारा कॅमेरा करत होता. त्याची भिंगं या चकतीतून घासून काढायची होती.

"काचेची का नाही करत भिंगं?" मी विचारलं.

"काच उष्णता अडवते. हे बघ." त्याने हातातला कॅमेरा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा चेहरा केशरी, नाक थंड म्हणून निळसर आणि डोळ्यांच्या जागी चष्म्याचे दोन काळे खड्डे. "जर्मेनियम मात्र उष्णतेला आरपार सोडतं. खरी चकती असती तर तिच्यामागे धरलेला तुझा हात दिसला असता."

"या आरशातून?"

"आरपार."

त्याने मला चकतीमागे हात धरायला लावला. पडद्यावर हात दिसलाच नाही. म्हणजे चकती बनावट. कारखाना दसऱ्यानंतर आजच उघडला होता, आणि सकाळी पहिल्याच चाचणीत त्याच्या हे लक्षात आलं होतं.

"आत्या, तुम्ही फक्त हे जर्मेनियम नाही एवढं लिहून सही करा. संध्याकाळी पोलिसांत तक्रार देतोय. स्टोअरची किल्ली एकट्या श्रुतिकाकडे असते. सकाळी सगळ्यांसमोर तिची बॅग रिकामी करून घेतली, पण घरी नेली असेल तर बॅगेत कुठून सापडणार?"

सगळ्यांसमोर, हे तो सहज बोलून गेला. आत्याने पेन उघडलं होतं, ते पुन्हा बंद केलं.

"सही संध्याकाळी. आधी मला माणसं भेटू देत," ती म्हणाली.

२

श्रुतिका स्टोअरमध्ये स्टुलावर बसली होती. सव्वीस-सत्तावीसची, सडसडीत, घाटकोपरची. रडून झालं होतं आणि आता ती चिडलेली होती. मला ते बरं वाटलं.

"मॅडम, तुम्ही पण बॅग बघणार?"

"नाही गं. मला फक्त सांग, चकती कपाटातून कधी बाहेर गेली?"

"अष्टमीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची पूजा असते ना. सगळी हत्यारं, मीटर, पकडी घासूनपुसून मांडतात. आई म्हणाल्या, त्या चकतीलाही पूजेत बसवायचं, यंदा तीच आपली लक्ष्मी." आई म्हणजे देवव्रतची आई, वसुधाबाई. सगळा कारखाना त्यांना आईच म्हणतो. "एसीच्या कपाटातून काढून मी त्यांच्या हातात दिली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मीच परत कपाटात ठेवली. बस."

"परत ठेवताना काही वेगळं वाटलं?"

ती थांबली. "जड लागली. उपास होता, मला वाटलं माझ्याच हातात जोर नाही."

आत्याने डोळे मिटले. ती तसे मिटते तेव्हा काहीतरी हाती लागलेलं असतं. मी तिला हे कधी सांगितलेलं नाही, नाहीतर ती ते मुद्दाम सोडून देईल.

"ती चकती काय करते, माहीत आहे तुला?"

"चार वर्षं सांभाळतेय असल्या चकत्या. दाखवलं कोणीच नाही." श्रुतिकाने स्टुलावरच तोंड फिरवलं. "मॅडम, आमच्या चाळीत पोलीस दारात आले ना, की वाट लागली. नंतर चोर दुसरा निघाला तरी कोण ऐकायला येतंय? पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीला बघायला येणार आहेत. तुम्ही संध्याकाळपर्यंत काय ते बघा."

आत्या तिला 'बघते' म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमत नाही.

३

लेथवर कुंडलिककाका होते. मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः मिसरूड फुटायच्या आधी देवव्रतच्या वडिलांच्या हाताखाली आलेले. आम्हांला बघताच त्यांनी यंत्र थांबवलं आणि आम्ही काही विचारायच्या आत बोलायला लागले.

"त्या पोरीचा काय चुकला नाय. माझ्याच हातातून पडली चकती. अष्टमीच्या रात्री, पूजा मांडताना. ह्या लादीवर. ठण्णकन वाजली! उचलून बघितली तर काय झाला नव्हता तिला. पण आतमधून काय तरी बिघाडली असतली. म्हणून आता कॅमेऱ्यात दिसत नाय."

"पडली, वाजली आणि काही झालं नाही?"

"देवाशप्पत."

"बरं," आत्या म्हणाली आणि चालू लागली.

मला वाटलं, सुटला प्रश्न. बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून पडली, बिघडली, कोणी चोर नाही. तसं मी तिला म्हटलंही. देवव्रतच्या खोलीत आल्यावर तिने पर्समधून स्टीलची डबी काढली. लोकांच्या पर्समध्ये गोळ्या-बिस्किटं असतात, हिच्या पर्समध्ये मूलद्रव्यं असतात. तांब्याचा तुकडा, गंधकाचा पिवळा खडा आणि सिलिकॉनचा एक काळसर चमकता तुकडा तिने कागदावर मांडला.

"गंधाली, यातले धातू कोणते?"

"तांबं. आणि हा चमकणारा."

"हातोडी घे."

तांब्यावर हाणलं तसं ते चपटं झालं, तुटलं नाही. गंधकाचा पिवळा भुगा झाला. चमकत्या तुकड्यावर मी जोर लावायला गेले आणि तो फुटला, खडीसाखर फुटावी तसा. कडा इतक्या धारदार की आत्याने माझा हात मागे ओढला.

"पण हा तर लोखंडासारखा दिसतो!"

"दिसतो. पण धातू नाही, आणि पुरता अधातूही नाही. धातुसदृश म्हणतात याला. जर्मेनियम याचं सख्खं भावंड. धातूची चमक, आणि काचेचा ठिसूळपणा." मग तिने देवव्रतकडून मीटर आणि गरम हवेची गन मागवली. तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं मीटरला जोडून तापवलं, तर विजेला होणारा अडथळा वाढला. गंधकातून वीज गेलीच नाही, तापवा नाहीतर गार करा. सिलिकॉनचा उरलेला तुकडा जोडला. गार असताना आकडा एवढा मोठा, आणि हवा लागताच तो घसरू लागला. बघता बघता कोसळलाच. थंड असताना दार लावून बसलेला तो तुकडा ऊब मिळताच वाट सोडत होता.

"माणसासारखंच की," माझ्या तोंडून निघालं.

"माणसं इतकी नेमाने वागत नाहीत," आत्या म्हणाली. पण तिचा स्वर मऊ झाला होता. चाळीस वर्षं हेच केलेलं असूनही ती त्या आकड्याकडे नवल बघावं तशी बघत होती, आणि मला अचानक तिचा हेवा वाटला. मी रोज खिशात सिलिकॉन घालून फिरते आणि त्याला नुसता फोन म्हणते.

"आता ऐका. जर्मेनियमची एवढी चकती लादीवर पडली तर ठण्णकन वाजून गप्प बसेल?"

"तुकडे होतील," देवव्रत हळूच म्हणाला.

"म्हणजे पडली असलीच, तर ती स्टीलची होती. कुंडलिक खोटं बोलतायत, आणि त्यांना धातूच्याच स्वभावाचं खोटं सुचलं."

देवव्रत ताडकन उठला. "म्हणजे काका आणि श्रुतिका, दोघांनी मिळून!"

४

"खाली बस," आत्या म्हणाली. "अष्टमीच्या दुपारी तू चकती तपासली होतीस?"

"हो. कॅमेऱ्यासमोर धरून. तेव्हा खरी होती, शंभर टक्के. आणि पूजेच्या वेळी सगळ्यांनी बघितली. त्यानंतर ती फक्त श्रुतिकाच्या हातात."

"पूजेचा फोटो आहे?"

फोटो पुष्कळ होते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू लावलेले पाने, फुलांखाली दबलेला लेथ. त्यातला एक देवव्रतने आपल्या कॅमेऱ्याने काढला होता, गंमत म्हणून, आणि तोच त्याने व्हॉट्सअॅपला स्टेटस म्हणून ठेवला होता. निळ्या अंधारात समईच्या ज्योती पांढऱ्याशुभ्र पेटलेल्या. माणसं केशरी. फुलं थंड, म्हणून काळी. दोनशे जणांनी हा फोटो बघून 'झकास' म्हटलं होतं.

"समईला वाती किती?" आत्याने विचारलं.

"पाच."

"मोज."

देवव्रतने मोजल्या. मी पण मोजल्या. चारच होत्या.

पाचव्या वातीच्या पुढ्यात चकती उभी करून ठेवली होती. साध्या फोनवरच्या फोटोत तिथे नुसतीच चमक दिसत होती. पण कॅमेऱ्याच्या फोटोत, खरी चकती असती तर, तिच्या पोटातून ज्योत दिसायला हवी होती. तिथे ज्योत नव्हती. तिथे एक पुसट केशरी सावली होती. डोकं, खांदे, आणि तोंडापुढे उचललेले दोन हात.

"हा कोण उभाय चकतीत?" मी विचारलं.

देवव्रतने फोटो मोठा केला.

"मीच," तो म्हणाला. "फोटो काढताना."

"गुळगुळीत धातू उष्णतेलाही आरसाच असतो," आत्या म्हणाली. "तुझ्या अंगाची ऊब त्याने तुलाच परत पाठवली. पूजेच्या वेळीच ती स्टीलची होती, देवव्रत. म्हणूनच श्रुतिकाला जड लागली, स्टील जर्मेनियमपेक्षा जड असतं. श्रुतिकाने तुला तेच परत केलं जे तुम्ही तिला दिलंत. बदल झाला अष्टमीच्या संध्याकाळी, ती घरी गेल्यावर. धुण्यापुसण्यात."

एव्हाना ऊन उतरलं होतं. देवव्रतने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"इथे धुणंपुसणं कुठे करतात?" आत्याने विचारलं.

५

कारखान्याच्या मागे मोरी होती. नळ, गिझर, कोपऱ्यात पितळी घंगाळ. वसुधाबाई तिथेच शेजारच्या खोलीत चहाचं बघत होत्या. उंच, ताठ, पांढरे केस, जाड चष्मा. उजव्या अंगठ्याला पट्टी.

"अगं उत्तरा, तू कशाला इथे? बाहेर बस, चहा आणते."

"अंगठ्याला काय झालं?"

"विळी लागली."

आत्याने पदर खोचला आणि सरळ मोरीत बसली. नळाखालची जाळी उचलली. चिंचेचे चोथे, झेंडूच्या पाकळ्या, आणि त्यांत काहीतरी चमकलं. तिने ते चिमटीत धरून धुतलं. करंगळीच्या नखाहून थोडा मोठा राखाडी तुकडा, एका बाजूने आरसा आणि फुटलेल्या बाजूला शिंपल्यासारख्या वळ्या.

देवव्रतने कॅमेरा आणून दिला. आत्याने तुकडा भिंगासमोर धरला आणि मला म्हणाली, "पलीकडे हात धर."

मी डोळ्यांनी बघत होते तेव्हा तो लोखंडाचा कपचा होता. पडद्यावर बघितलं आणि तो नव्हताच. तिथे माझा तळहात होता, केशरी, जिवंत, बोटांच्या टोकांकडे थोडा गार. आपल्याला जी भिंत, ती त्याला खिडकी. मी हात हलवला तसा पडद्यावरचा हातही त्या कपच्याच्या आत हलला. मी खरोखर तोंडावर हात ठेवला.

"चकती कोणी नेली नाही," आत्या म्हणाली. "ती इथे फुटली."

"मी फोडली." दारात कुंडलिककाका उभे होते. "लेथवर दुसरी पण मीच केली. जुन्या शाफ्टच्या तुकड्यातून काढली, रात्रभर बफ मारून चमकवली. काय करायचा ता माझा करा. पोरीला सोडा."

"दुसरी तुम्ही केलीत, हे खरं. तिच्यावर लेथच्या बारीक रेघा आहेत, तिरपं धरल्यावर दिसतात. इतक्या नेटक्या की इथे दुसऱ्या कोणाच्या हातून निघणार नाहीत." आत्या उठून उभी राहिली. "पण कुंडलिक, यंत्राचा भाग तुम्ही कधी पाण्याने धुतलाय?"

काकांनी हात फडक्याला पुसले.

"एकदा तरी?"

"गंज चढता," ते पुटपुटले. सवयीने बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"लेथवाला माणूस रॉकेलने पुसतो आणि तेल लावतो. जन्मात पाण्याजवळ जात नाही. हा तुकडा चिंचेच्या चोथ्यात होता. चिंच लावून, कडकडीत पाणी ओतून घासतो तो माणूस भांडी घासणारा. एसीतली गार चकती आणि वर उकळतं पाणी. तांब्याचा गडू असता तर त्याने हसून सोसलं असतं. धातू ताणतो, वाकतो. हिला वाकताच येत नाही. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतावा तसं झालं."

चहाला उकळी फुटून तो शेगडीवर सांडला. कोणी गॅस बंद केला नाही.

"टक् एवढाच आवाज झाला," वसुधाबाई म्हणाल्या. "हातात दोन तुकडे. मग तीन. मला खरंच वाटेना. दरवर्षी ह्यांची सगळी हत्यारं मीच घासत आलेय, कधी चरा नाही गेला. आणि नवमीच्या तोंडावर, देवव्रतचं पहिलं मोठं काम... अपशकून वाटला मला. कुंडलिकला म्हटलं, पूजेपुरती दुसरी करून ठेव, दसरा झाला की मीच सांगेन."

"नाही म्हणवला नाय मला," काका म्हणाले. "वहिनींनी कधी काय मागितल्यानी नव्हता."

"मग आज सकाळी सांगायचं होतंस, आई!" देवव्रतचा आवाज फाटला.

"तू आधीच सगळ्यांपुढे ओरडलास, ज्याने केलं त्याला पोलिसांत देईन म्हणून. आणि तिची बॅग उलटी केलीस. मी या दारामागे होते. दार ढकललं असतं की मी बाहेर. हात दारावर होता माझा." त्या थांबल्या. "नाही ढकललं."

६

देवव्रत खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. मग मालक जागा झाला. तक्रार नाही, अर्थातच. श्रुतिकाला आत बोलवू, चूक झाली म्हणून सांगू, आठवडाभर भरपगारी रजा देऊ. चकतीचं काय ते तो निस्तरेल. बाहेर कोणाला कळायची गरज नाही. तो भराभर बोलत होता आणि आम्ही कोणीच मान हलवत नव्हतो.

"सर." श्रुतिका दारात कधी आली ते कळलंच नाही. "बॅग बाहेर उलटी केली होती. आत नाही."

एवढंच बोलून ती उभी राहिली. देवव्रतने आईकडे बघितलं, तो काहीतरी तोडगा शोधत होता.

वसुधाबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्याच्या शेजारून बाहेर गेल्या.

सगळा कारखाना जमला. दिवसभर कुजबुजत होते तेच सगळे. आत्याने श्रुतिकाला बाजूला घेतलं, कॅमेरा तिपाईवर लावला आणि तो कपचा चिकटपट्टीने त्याच्यापुढे बसवला.

"चार वर्षं सांभाळलंस ना? बघ आता काय सांभाळत होतीस."

श्रुतिका पडद्यावर वाकली. समोर, लांब दुसऱ्या टोकाला, वसुधाबाई बोलायला उभ्या होत्या. माझ्या डोळ्यांना त्या नेहमीसारख्याच दिसत होत्या, ताठ, कोरड्या. आवाजही सरळ होता, शाळेत सूचना वाचून दाखवावी तसा. "चकती माझ्या हातून फुटली. मी लपवली. या मुलीची झडती झाली तेव्हा मी मागे उभी होते आणि गप्प राहिले. तिचा काही दोष नव्हता. दोष माझा आहे." देवव्रत मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, बाई दगडाची आहे.

"अय्या," श्रुतिका इतक्या हळू म्हणाली, की मलाच ऐकू आलं.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. त्या राखाडी कपच्यातून वसुधाबाईंचा चेहरा उजळलेला दिसत होता. चष्म्याचे दोन काळे गोल, आणि त्यांच्याखालून हनुवटीपर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा. ओल्या जागा गार असतात, मला एवढं आता कळत होतं. माझ्या डोळ्यांना इतक्या लांबून ते दिसलं नव्हतं, कोणालाच दिसलं नव्हतं.

मागे उभे असलेले दोघं-तिघं पडदा बघायला पुढे सरकले. श्रुतिकाने हात लांब करून कॅमेरा बंद केला.

"काय झालं? दाखव ना," कोणीतरी म्हणालं.

"काही नाही. बंद पडला," ती म्हणाली.

आणि ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली, एक खुर्ची ओढून आणली आणि वसुधाबाईंच्या मागे ठेवली. "बसा आई," ती म्हणाली. "माफ केलं असं नाही मी म्हणत अजून. पण तुम्ही बसा."